खड्डा नेमका कोणत्या थराचा? उत्खननातल्या नोंदींबद्दल मदत हवी

नवखी_खुरपी

नमस्कार मंडळी. पुरातत्त्वात एमए करतेय आणि सध्या एका ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणाऱ्या लोकांच्या) टेकाडावर उत्खननाला आलेय. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, समजून घ्या.

माझ्याकडे एक ट्रेंच, म्हणजे खणायला आखलेला चौकोन, आहे. उत्तरेकडच्या सेक्शनमध्ये (ट्रेंचच्या उभ्या कापलेल्या भिंतीत) आत्तापर्यंत चार थर दिसतात. पहिला नांगरटीचा, मुळं आणि प्लास्टिकसकट. दुसरा भुरकट, सैल, बारीक खड्यांचा. तिसरा करडा, राखेचा, खापरांनी गच्च भरलेला. चौथा पिवळसर, घट्ट, आणि त्याच्या माथ्यावर चोपलेल्या जमिनीचा एक तुकडा शिल्लक आहे. ईशान्य कोपऱ्यात एक काळसर गोल डाग आहे. दुसरा थर काढून संपला तेव्हा तो दिसला आणि आता चौथ्या थरातही खाली चाललाय. म्हणजे खड्डा आहे, एवढं मलाही कळतं.

वाद पुढे आहे. खड्ड्यातली खापरं कोणत्या पिशवीत टाकायची? ट्रेंचमध्ये दोन पक्ष पडलेत. एकाचं म्हणणं, खापर ज्या खोलीवर मिळालं त्या खोलीवर चौथा थर आहे, म्हणून 'लेयर 4' लिहा. दुसरा म्हणतो, खड्डा तिसऱ्या थराच्या माथ्यावर दिसायला लागला म्हणून 'लेयर 3'. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही तेही नीट मांडता येत नाही.

दुसरं म्हणजे मातीचा रंग. मी 'करडा' लिहिते, शेजारच्या ट्रेंचचा मुलगा त्याच मातीला 'राखाडी-तपकिरी' म्हणतो. दोन्ही ट्रेंचचे सेक्शन शेवटी एकमेकांना जोडायचे आहेत. कसं करायचं?

ओळंबा

ती खापरं ना लेयर 4 ची, ना लेयर 3 ची. ती खड्ड्याची. पिशवीवरच्या चिठ्ठीवर लिहायचं: 'पिट 1, लेयर 2 ने झाकलेला, लेयर 3 व 4 मध्ये खणलेला'. एवढ्या एका ओळीत सगळं येतं. कुणी खणला तेव्हा जमीन कुठे होती, तो बुजल्यावर त्याच्यावर काय साचलं आणि तो कुणाच्या पोटात शिरलाय.

मी आयुष्यभर साइटवर रेखाटनाचं काम केलं, आता निवृत्त आहे. 'खोली तीच म्हणून थर तोच' हे इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. आणि हा रोग नवा नाही. मोहेंजोदडोच्या पहिल्या उत्खननांत वस्तूंची नोंद एका ठरावीक पातळीपासून किती फूट खाली, अशी ठेवली गेली. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर 1944 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले आणि त्यांनी यावर सडकून टीका केली. कारण साधं आहे. टेकाडावरची वस्ती कधीच सपाट नसते. उतारावरचं घर आणि माथ्यावरचं घर एकाच दिवशी बांधलं तरी त्यांच्या जमिनींत माणूसभर उंचीचा फरक पडू शकतो. पातळीच्या हिशोबाने माथ्यावरचं घर 'नंतरचं' ठरतं आणि शेजारी राहणारे दोन भाऊ वेगवेगळ्या शतकांत जाऊन पडतात. त्याच वर्षी व्हीलरांनी तक्षशिलेला प्रशिक्षणाचा तळ काढला आणि थर पाहून, थराप्रमाणे खणायला शिकवलं. आपल्याकडच्या चौकोनी ट्रेंच, मधले बाल्क (न खणता सोडलेल्या मातीच्या भिंती), सेक्शनवरचे गोलातले आकडे, हे सगळं घराणं तिथलं.

खोली लिहूच नये असं नाही हां. लिहायचीच. पण ती वस्तूचा पत्ता म्हणून, वय म्हणून नाही.

आता तुझा खड्डा. आपल्या भागातलं सगळ्यात बोलकं उदाहरण इनामगावचं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात खणलेली साइट. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांचं काम. तिथे माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशा तीन काळांची वस्ती एकावर एक आहे, साधारण इ.स.पू. 1600 ते 700. त्या लोकांत लहान मूल गेलं की घरातल्याच जमिनीखाली पुरायची पद्धत होती. जमिनीत खड्डा घ्यायचा, दोन करडे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, मग वरून माती घालून जमीन पुन्हा सारवायची. आता विचार कर. जमीन जोर्वे काळातली, पण रांजण जाऊन बसला खाली, माळव्याच्या मातीत. खड्ड्याची कड ज्याने ओळखली नाही तो त्या रांजणांना माळवा काळातलं दफन म्हणून मोकळा होईल. दफन कोणत्या जमिनीवरून खाली गेलंय हे शोधणं हेच खरं काम, रांजण काढणं त्यानंतरचं.

त्यामुळे खड्डा दिसला की थांबायचं. आधी आजूबाजूचा थर नाही, आधी खड्डा रिकामा करायचा. उशिराची गोष्ट आधी बाहेर.

नवखी_खुरपी

काका, खूप आभार. 'झाकलेला' आणि 'खणलेला' हे दोन शब्द मिळाले आणि डोक्यातला गुंता सुटला. पण एक सांगा, कड ओळखायची कशी? सेक्शनमध्ये दिसते, पण वरून पाहताना माझा डाग सकाळी दिसतो आणि दुपारी गायब होतो!

ओळंबा

दुपारी बघूच नकोस. ऊन डोक्यावर आलं की सगळी माती एकसारखी पांढरी पडते. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, आणि फवाऱ्याने हलकं पाणी मारून. ओल सगळीकडून सारख्या वेगाने उडत नाही. भरावाची माती सैल, राखेची, ती ओल वेगळी धरते. सुकताना दहा-पंधरा मिनिटं कड अगदी स्पष्ट उमटते. तेवढ्या वेळात खुरप्याच्या टोकाने रेघ मारून घ्यायची.

पण डोळ्यापेक्षा हात जास्त सांगतो. खुरपं आडवं ओढत आण. घट्ट थरावर ते खरखरतं, खड्ड्याच्या भरावात शिरलं की आवाज बसतो आणि हात एकदम हलका होतो. खापरं कशी पडलीत तेही पाहा. थरातली खापरं बहुधा आडवी पसरलेली असतात. खड्ड्याच्या कडेला ती उभी, तिरपी, आत घसरलेली मिळतात. राखेचा पट्टा मध्ये खोलगट झालेला दिसला तर समज की तो खड्ड्यात टाकलेला कचरा आहे, चुलीची जागा नाही.

खड्डा सगळा एकदम उपसू नकोस. मधोमध दोरी लाव, अर्धा काढ, उरलेल्या अर्ध्याचा जो उभा छेद दिसेल तो 1:10 प्रमाणात कागदावर रेखाटून घे, फोटो घे, मग दुसरा अर्धा. खांबाच्या खळग्यांनाही हेच. आणि उंदराच्या बिळाला खांबाचा खळगा समजून कागदावर घर उभं करू नकोस! खळगा सरळ खाली जातो आणि त्याला तळ असतो, कधी खांबाला आधाराचे दगड कडेने ठोकलेले असतात. बीळ वाटेत वळतं.

टेम्सकाठ

धागा वाचून हात शिवशिवले. मी मूळचा सातारचा, इकडे लंडनमध्ये व्यावसायिक उत्खननात काम करतो. इथे 1990 पासून नियोजनाचे नियम असे झालेत की बांधकामाआधी जागेचं पुरातत्त्व नोंदवायचा खर्च विकासकाच्या माथी येतो. त्यामुळे आमचं काम म्हणजे मागे क्रेन उभी आणि पुढे रोमन काळातले खड्डे.

ओळंबा काकांशी बहुतेक सहमत, पण एका ठिकाणी अडतो. तुमच्या पद्धतीत थराला आकडा मिळतो, खड्ड्याला नाव मिळतं, पण *खणण्याच्या कृतीला* काहीच मिळत नाही. आमच्याकडे जमिनीत घडलेल्या प्रत्येक घटनेला स्वतंत्र आकडा आणि स्वतंत्र कागद. खड्डा खणला, ही एक घटना. त्यात माती उरलेली नाही, नुसती पोकळी आहे, तरी तिला आकडा. तिचा आकार, कडा उभ्या की उतरत्या, तळ सपाट की गोल, मोजमापं, सगळं त्या कागदावर. मग खड्ड्यात पहिल्यांदा साचलं ते वेगळं, नंतर कुणी कचरा टाकला ते वेगळं.

नवखी_खुरपी, तुझ्या ट्रेंचला हे लावून बघ. नांगरट 1, भुरकट थर 2, राखेचा 3, पिवळा 4. खड्ड्यातला वरचा भराव 5, खालचा भराव 6, खणण्याची कड 7. आता घटनांचा क्रम वरून खाली, म्हणजे नव्याकडून जुन्याकडे लिही:

1 – 2 – 5 – 6 – 7 – 3 – 4

खोलीचा यात कुठे संबंधच आला नाही. 6 हा भराव मोजपट्टीने 4 च्या बरोबरीला असेल, पण क्रमात तो 3 च्याही नंतरचा. एडवर्ड हॅरिस या पुरातत्त्वज्ञाने 1973 मध्ये इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या उत्खननाच्या नोंदींचा ढीग उपसताना ही आकृती काढली. ट्रेंच मोठा झाला, शे-दीडशे आकडे झाले की ती जाळीसारखी पसरते, आणि तिच्यात कुठे चक्र तयार झालं, म्हणजे अ हा ब च्या वर, ब हा क च्या वर आणि क पुन्हा अ च्या वर, तर कुठेतरी नोंद चुकलीय हे तिथल्या तिथे कळतं. वहीतल्या सलग मजकुरात ते कळत नाही.

ओळंबा

आकृती मान्य. ती मी स्वतः वापरलेली आहे आणि बाल्क ठेवूनही वापरता येते. कागदाचं मात्र पटत नाही. तुमच्याकडे प्रत्येक खुरप्यामागे एक शिकलेला माणूस असतो. आपल्याकडे गावातले पंधरा-वीस मजूर, दोन-तीन विद्यार्थी आणि अख्ख्या साइटवर एक जाणता माणूस. प्रत्येक डागाला कागद भरत बसलो तर कागद भरतील, माती कुणी बघणार नाही. बाल्कचा फायदा हा की काम चालू असतानाही चूक सापडते. ट्रेंचमध्ये काही निसटलं तरी भिंतीत ते उभंच असतं. उद्या कुणी मोठा माणूस आला आणि म्हणाला 'दाखवा', तर दाखवायला काहीतरी असतं. तुम्ही एकेक घटना सोलून काढली की पुरावा फक्त तुमच्या कागदावर.

टेम्सकाठ

काका, त्या भिंतीची किंमत पण सांगा ना. पाच मीटरचा चौकोन घेतला आणि चारही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर सोडला, तर खणायला उरतं चार बाय चार. पंचवीसपैकी सोळा चौरस मीटर. 36 टक्के जमीन तुम्ही बाल्कखाली ठेवली. गोल झोपडीचा अर्धा भाग त्या बाल्कखाली गेला तर आराखडा कसा कळणार?

शिवाय सेक्शन फक्त तिथे जे कापलं गेलं तेच दाखवतो. ट्रेंचच्या मधोमध असलेला खड्डा, जो एकाही भिंतीला शिवत नाही, तो तुमच्या सेक्शनमध्ये येतच नाही.

ओळंबा

मधल्या खड्ड्याचं बरोबर बोललात, म्हणून तर तो अर्धा कापायचा म्हणालो. आणि बाल्क म्हणजे काही कायमची समाधी नव्हे. रेखाटून, फोटो काढून झालं की तोही थराथराने काढता येतो. इनामगावात सव्वाशेच्या वर घरं उघडी झाली, ती नुसत्या उभ्या खणण्याने होतात का? पूर्व जोर्वेची चौकोनी घरं आणि उत्तर जोर्वेत आलेल्या गोल झोपड्या, हा फरक आडवं खणलं, म्हणजे एकाच काळाची मोठी जागा सलग उघडली, म्हणून दिसला. माझं म्हणणं इतकंच, आधी उभं वाचून घ्या, मग आडवं पसरा.

काळीमाती

या भांडणात एक तिसरी बाजू कुणी धरतच नाहीये, ती मातीची. मी मृदाशास्त्रातली, उत्खननवाले अधूनमधून 'ताई, हा थर नैसर्गिक आहे का ते सांगा' म्हणून बोलावतात.

दख्खनच्या काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. मे महिन्यात शेतात भेगा पाहिल्यात ना? हात कोपरापर्यंत आत जातो, काही भेगा मीटरभर खोल असतात. आता भेगेच्या तोंडाशी पडलेलं एखादं मध्ययुगीन काचेच्या बांगडीचं तुकडं, एखादा मणी, बारीक खापर, सगळं आत घरंगळतं. पावसाळ्यात भेग मिटते. पुढच्या वर्षी खणणाऱ्याला मीटरभर खाली, अगदी 'अखंड' थरात, बांगडी मिळते. आजूबाजूला खड्डा नाही, बीळ नाही, कड नाही. मग एकतर ती बांगडी ताम्रपाषाणयुगात जाते, नाहीतर अख्खा थर मध्ययुगात येतो.

शिवाय हीच माती फुगताना वरखाली सरकते. तिच्यात तिरपे, घासून चकचकीत झालेले पृष्ठ तयार होतात. नवख्या डोळ्याला ती कड वाटते. मी एका ठिकाणी अशा पृष्ठावर सुतळी लावून तीन 'थर' पाडलेले पाहिलेत. ते तीन थर नव्हते, एकच माती होती आणि तिने अनेक उन्हाळे पाहिले होते.

म्हणून काळ्या मातीच्या थरात एकट्यादुकट्या बारीक वस्तूवरून काळ ठरवू नका. मोठी खापरं, चुलीसारख्या जागच्या जागी असलेल्या गोष्टी, चोपलेल्या जमिनी, यांच्यावर भर द्या. भेग दिसली तर तिचीही नोंद करा: रुंदी, किती खाली जाते, आत कोणती माती उतरलीय. तेही एक वैशिष्ट्य आहे, माणसाने केलेलं नाही एवढंच.

आता रंगाचं. मन्सेलचं पुस्तक वापरा. रंगाच्या चौकटींचं पुस्तक असतं, मातीचा खडा चौकटीशेजारी धरायचा आणि जुळेल ते लिहायचं, उदा. 10वायआर 3/2. पहिल्या भागात रंगाची जात, मग उजळपणा, मग रंगाची तीव्रता. पण दोन गोष्टी पाळल्या नाहीत तर पुस्तकाचा उपयोग शून्य. माती सुकी की ओली ते लिहायचं, कारण एकाच खड्याचा रंग ओला झाला की दोन पायऱ्या काळा होतो. तुमच्या दोन ट्रेंचमधला वाद बहुधा तिथेच आहे, एकाने पाणी मारून पाहिलं, एकाने नाही. दुसरं म्हणजे उजेड. साइटवर सावलीला निळी ताडपत्री बांधलेली असते, तिच्याखाली बसून रंग जुळवला की सगळं जग करडं दिसतं. खडा उघड्यावर न्या. गॉगल काढा, हे सांगावं लागतं.

आणि नुसत्या रंगावर थांबू नका. चिमूटभर ओली माती बोटांत घोळवा: वळी होते का, किती लांब होते, रवाळ लागते की साबणासारखी. घट्ट किती, नखाने खरवडते की खुरपं लागतं. आत काय आहे: कोळसा, हाडं, चुनखडीचे गोळे, भाजलेल्या मातीचे तुकडे, आणि अंदाजे किती. थराची खालची सीमा तीक्ष्ण आहे की बोट-दोन बोटांत हळूहळू बदलते. ही शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि मला सगळ्यात जास्त तीच लागते. तीक्ष्ण सीमा म्हणजे कुणीतरी खरवडलं, सारवलं, किंवा पुराने एकदम गाळ आणून टाकला. पुसट सीमा म्हणजे मुळं, गांडुळं, वाळवी यांनी बराच काळ घुसळलंय.

ड्रोनाचार्य

सगळ्यांना नमस्कार. मी सर्वेक्षणवाला, पुरातत्त्वातला नाही. एक प्रामाणिक शंका. 2020 नंतरच्या जगात ग्राफ पेपरवर सुतळी धरून थर का काढायचे? दोन-तीनशे फोटो काढा, सॉफ्टवेअरला द्या, अख्ख्या ट्रेंचचं त्रिमितीय मॉडेल मिलिमीटरच्या हिशोबात मिळतं. टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) चार बिंदू घेतले की झालं. दिवसाचं काम तासात. मग तुम्ही म्हणता त्या बाल्कचीही गरज नाही, कारण ट्रेंचची प्रत्येक अवस्था कायमची साठवलेली.

टेम्सकाठ

करतोच आम्ही हे, रोज करतो. पण मॉडेल पृष्ठभाग टिपतं. 3 आणि 5 यांच्यातली रेघ कुठे आहे हे मॉडेल सांगत नाही, ते खुरपं धरणाऱ्याने ठरवायचं असतं. मी ऑफिसात बसून सुंदर मॉडेल बघत 'हा खड्डा 3 ला कापतो की 3 खड्ड्यावर पसरलाय' यावर डोकं धरलेलं आहे. उत्तर मॉडेलमध्ये नव्हतं, ज्याने खणलं त्याने दोन ओळीत लिहून ठेवलं असतं तर असतं.

ओळंबा

ड्रोनाचार्य, यंत्राला माझा विरोध नाही, माझे गुडघे तुमच्या बाजूने मत देतील! पण रेखाटताना काय होतं बघा. सेक्शनवर आडवी सुतळी पाणसळीत ताणायची, तिच्यापासून दर वीस सेंटिमीटरवर ओळंबा सोडून वर-खाली मापं घ्यायची. एक माणूस माप सांगतो, दुसरा ग्राफवर बिंदू टाकतो. प्रत्येक बिंदूला विचारावं लागतं, रेघ नक्की इथेच आहे ना? फोटोत ती शंका कुणी विचारत नाही. जिथे मला खात्री नसेल तिथे मी रेघ तुटक काढतो. कॅमेऱ्याला तुटक रेघ काढता येत नाही.

ड्रोनाचार्य

तुटक रेघेचा मुद्दा मान्य. मॉडेलवरून काढलेल्या प्रतिमेची छापील प्रत ट्रेंचमध्ये नेऊन तिच्यावरच रेघा मारल्या तर? माप यंत्राचं, निर्णय हाताचा.

ओळंबा

हे जमेल. उत्तम जमेल. फक्त सेक्शन समोर असताना मारा, जेवणाच्या तंबूत बसून नको.

प्रवराकाठ

मी शेतकरी आहे, तुमच्या चर्चेत अर्धं कळलं, पण एक विषय माझ्या अंगणातला निघाला म्हणून लिहितोय. आमच्या गावाला लागून पांढरीचं टेकाड आहे. जुनं गाव तिथे होतं म्हणतात. तिची माती लोक पिढ्यान्‌पिढ्या नेतात, कुणी धाब्यावर टाकायला, कुणी शेतात. आता ट्रॅक्टर आल्यापासून एका बाजूने टेकाड सरळ कापलं गेलंय. पावसाने धुतलं की त्या कापात तुम्ही म्हणता तसे पट्टे दिसतात. राखेचे, लाल, पांढरट. खापरं तर किती. काळ्या नक्षीची तांबडी खापरं माझ्या पोराने डबाभर गोळा केलीत. आता विचारतो की यात काही अर्थ उरलाय का, की सगळं गेलं?

काळीमाती

दादा, पांढरीचा रंगच तिथे माणसं राहिल्यामुळे आलेला असतो. राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, चुना. म्हणून ती शेतालाही मानवते, आणि म्हणूनच टेकाडं संपत चाललीत.

ओळंबा

सगळं गेलं नाही. तुम्ही सांगता तो काप म्हणजे न मागता मिळालेला सेक्शन आहे. तो खरवडू नका, सरळ करू नका, त्यातून काही ओढून काढू नका. सकाळच्या सावलीत फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा किमान खोऱ्याचा दांडा उभा करून, आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. स्वतः खणायचा विचारही नको, त्याला परवाना लागतो. पोराला मात्र रागावू नका. डब्यातल्या खापरांसोबत कोणतं कोणत्या बाजूला, कापात की वर शेतात मिळालं, तेवढं त्याला आठवतंय तोवर चिठ्ठीवर लिहून ठेवायला सांगा.

तुमच्याच नदीवरचं दायमाबाद तुम्हाला माहीत असेल. 1974 मध्ये तिथे गावकऱ्यांना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. देशातल्या प्राचीन धातुकामातलं मोठं घबाड. पण त्या उत्खननात मिळाल्या नाहीत. कोणत्या जमिनीवरून खाली पुरल्या गेल्या होत्या, खड्डा होता का, त्यावर कोणता थर होता, हे पाहणारं त्या क्षणी कुणी नव्हतं. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं आणि उत्खननकर्त्यांनी त्या उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या काळात बसवल्या. इतरांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्या कालनिर्णयावर शंका घेतली. वाद अजून आहे. हत्ती हातात आहे, पण त्याच्याभोवतीची वीतभर माती नाही, आणि भांडण सगळं त्या मातीचं आहे.

प्रवराकाठ

दायमाबाद आमच्या तालुक्यापासून लांब नाही, तो रथ फोटोत पाहिलाय. कळवतो संचालनालयाला. ट्रॅक्टरवाल्यांचं काय करायचं ते मात्र तुमच्या पुस्तकात नसेल.

काळीमाती

नाहीच. ग्रामपंचायतीत ठराव झाला तर थोडं थांबतं, असं एका गावात पाहिलंय. सरपंच तुमचे पाहुणे असले तर जास्त थांबतं :)

नवखी_खुरपी

मंडळी, ताजी बातमी. खड्डा अर्धा कापला. छेदात एक नव्हे, दोन खड्डे निघाले! मोठा, उतरत्या कडांचा, राख आणि हाडांनी भरलेला. आणि त्याच्या पश्चिमेच्या कडेला चिरून खाली गेलेला एक अरुंद, उभ्या कडांचा, त्याची माती तपकिरी आणि जवळजवळ खापरं नाहीतच. वरून दोघांचा मिळून एकच डाग दिसत होता. लहान खड्ड्याची कड राखेच्या पट्ट्यांना सरळ कापत जाते, म्हणजे तो नंतरचा. बरोबर ना? दोघांवरही लेयर 2 आहे.

आत्तापर्यंत 'पिट 1' म्हणून भरलेल्या पिशव्यांत दोन्हीचा माल आहे, म्हणजे त्यांचं काय करायचं तेही सांगा. आणि लहान खड्डा पूर्वेच्या नाही, उत्तरेच्या बाल्कमध्ये शिरलाय.

टेम्सकाठ

बरोबर. पट्टे कापले गेलेत म्हणजे राख आधी साचली, मग कुणीतरी तिथे पुन्हा खणलं. क्रम आता असा लिही: 1 – 2 – लहान भराव – लहान कड – 5 – 6 – 7 – 3 – 4. जुन्या पिशव्या पुन्हा वाटू नकोस, अंदाजाने तर मुळीच नाही. त्यांच्यावर 'पिट 1 व 2, मिश्र' लिही आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या ते टाक. त्यातलं सगळ्यात उशिराचं खापर तुला फक्त एवढं सांगेल की लहान खड्डा त्याच्या आधी बुजलेला नाही. मोठ्या खड्ड्याच्या काळासाठी दुसऱ्या अर्ध्यातला स्वच्छ माल वापर. आणि त्यात जुनी खापरं दिसली तर दचकू नकोस. 3 आणि 4 खणून निघालेली मातीच पुन्हा आत गेलेली असते.

ओळंबा

तपकिरी माती, उभ्या कडा, खापरं नाहीत, अरुंद. तळ बघितल्याशिवाय बोलत नाही, पण मला मोठ्या खांबाचा खळगा वाटतो. तसं असेल तर लेयर 3 च्या माथ्यावर कुठेतरी त्याचे जोडीदार असणार, गोलात किंवा ओळीत. आजूबाजूची जमीन आणखी खाली नेऊ नकोस, आधी तो माथा पूर्ण खरवडून, पाणी मारून बघ. बाल्कमध्ये शिरलाय ते चांगलंच झालं, उत्तरेच्या सेक्शनमध्ये त्याचं तोंड लेयर 2 च्या बरोबर कुठे लागतं ते दिसेल. ते 1:10 लाच काढ, 1:20 ला कड हरवते.

आणि चिठ्ठ्या पेन्सिलने लिहिताय ना? जेल पेनची शाई खापरं धुताना पॉटरी यार्डात वाहून जाते. पिशवीत एक, बाहेर बांधलेली एक, दोन्हीकडे.

नवखी_खुरपी

पेन्सिलच आहे काका. उद्या सकाळी माथा खरवडायला घेते, जोडीदार निघाले तर आराखडा इथे टाकते (उत्तर दिशा दाखवून, ड्रोनाचार्य हसू नका).

ड्रोनाचार्य

हसत नाही. मापपट्टी पण ठेवा फोटोत, आणि स्वतःची सावली नको.